रिव्हर्स नसलेली गाडी

"रिव्हर्स गेला," दावल मिस्त्री गाडीखालून म्हणाला. आधी त्याचे पाय बाहेर आले, मग पोट, आणि सगळ्यात शेवटी तोंड.

"गेला म्हणजे?"

"गेला म्हंजे गेला. ही गाडी आता फक्त पुढं जाती."

मी परत एकदा आत बसलो, इंजिन चालू केलं, गिअरचा दांडा मागं जायच्या खुणेवर आणला. इंजिन गुरगुरलं. गाडी जागची हलली नाही.

दावलनं हात पुसत हिशेब सांगितला. गिअरबॉक्स उतरवायचा, उघडायचा, आतला फुटलेला ड्रम मुंबईहून मागवायचा. अडीच लाख. भंगारबाजारातला जुना गिअरबॉक्स बसवला तर एक लाख दहा, पण तो किती दिवस चालेल ते सांगता येत नाही.

"आन् विकली तर?"

"उत्तमराव, रिव्हर्स नसलेली गाडी कोन घील? भंगारवाला. साठ हजार." मग माझं तोंड बघून तो जरा नरमला. "असल्या गाड्या घेताना एकदाच परवडत्यात. तुम्हाला तर तेबी परवडायची वेळ आली न्हाई, फुकट मिळाली. आता लावताना जागा बघून लावा. नाक भाईर काढता यील अशी."

हे मिरजेतल्या गॅरेजमधलं, २००८ सालातलं. गाडी आमच्या काकांची. आमच्या विट्याकडची निम्मी माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली आहेत, तसे काका कोइमतूरला. त्यांनी अकरा वर्षं ही काळी, लांबलचक परदेशी गाडी वापरली, नवी घेतली आणि जुनी आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, देऊन टाकली. धर्माची गाय, तिचे दात काय मोजायचे, असं आप्पा म्हणाले. आम्ही मोजले नाहीत. ते काम पुढं दावलनं केलं.

पहिल्या महिन्यात मागचे शॉकअप गेले. त्यात स्प्रिंग नव्हती, हवा होती, आणि हवा गळायची. रात्री नीट लावलेली गाडी सकाळी म्हशीसारखी मागून बसलेली असायची. एका बाजूचे सत्तर हजार. दावलनं रबराचा तुकडा लावून गळती थोपवली. मग काचा खाली-वर करायची मोटर गेली. मग रेडिएटरचा प्लॅस्टिकचा कान तुटला. मीटरवर कायम तीन-चार पिवळे दिवे लागलेले असायचे आणि दावल म्हणायचा, "तिकडं बघायचं न्हाई. तांबडा लागला तरच मला फोन करा." माझं जळालेल्या इलेक्ट्रिक मोटारी भरून द्यायचं, म्हणजे वायंडिंगचं, छोटं दुकान होतं. जे मिळायचं ते या हत्तीच्या पोटात जायचं. पण गाडी दारात उभी असली की आप्पांची मान ताठ व्हायची, हेही खरं. आई आम्ही लहान असतानाच गेली. आप्पांना मान ताठ करायला त्यानंतर फारसं काही मिळालं नव्हतं.

रिव्हर्स गेला त्याच महिन्यात माझ्या बहिणीचं, वैजूचं, लग्न ठरलं. वैजयंता तिचं नाव. बावीस वर्षांची, विट्यातल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. पाहुणे कृष्णाकाठचे, बागाईतदार. मुलगा रणजित, पुण्यात कंपनीत इंजिनिअर. बघायला आले तेव्हा मुलाच्या वडलांनी घराआधी गाडी बघितली. तिच्याभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "माणसं तोलामोलाची दिसत्यात." तो तोल गाडीचा होता हे आम्हाला तिघांनाही कळलं.

त्यामुळं रिव्हर्स गेल्याचं आप्पांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "भाईर ह्याचा शब्द जाता कामा नये. लगीन हुईस्तवर तरी."

शब्द बाहेर गेला नाही. मला, आप्पांना, वैजूला आणि दावलला, एवढ्यांनाच ठाऊक. मी गाडी अशी लावायला शिकलो की कधी मागं घ्यायची वेळच येऊ नये. पेट्रोलपंपावर कुठल्या बाजूनं शिरायचं, कुणाच्या वाड्यात वळता येतं, कुठल्या गल्लीत पाय घालायचा नाही, सगळं डोक्यात बसलं. आणि मग अशी एक गोष्ट झाली की तो दोष दोषच राहिला नाही.

शेजारच्या जाधवांनी मुलीच्या लग्नाला गाडी मागितली. मी टाळाटाळ करायला लागलो, मांडवासमोर जागा नसते, मागंपुढं करावं लागतं, वगैरे. तिथं आमची आक्काआत्या बसली होती. ती म्हणाली, "नवरीची गाडी मागं कशाला घ्यायला लागती रं? नवरी बसली की गाडी मागं घीत न्हाईत. न्हाईतर नवरी माघारी येती."

खरंच होतं ते. आमच्याकडं असं मानतात. नवरी बसायच्या आधीच गाडीचं तोंड वाटेकडं करून ठेवतात, आणि वाटेत काही आडवं आलंच तर आडवं आलेलं बाजूला करतात, गाडी मागं घेत नाहीत. मी जाधवांना गाडी दिली. मग पाटलांना. मग लोक विचारत यायला लागले. फुलं लावली, काचा पुसल्या की गाडी नव्यासारखी दिसायची. त्या हंगामात मी अकरा नवऱ्या पोचवल्या, दिवसाला तीन हजारांप्रमाणे, आणि एकदाही कुणाच्या लक्षात आलं नाही. मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं होतं. दावल म्हणाला, "उत्तमराव, लंगड्या घोड्यावर शर्यत जिंकताय."

बारावी नवरी वैजू.

लग्न त्यांच्या गावात, त्यांच्या दारात. आमच्यापासून पंचेचाळीस किलोमीटर. आप्पा सकाळीच जीपनं पुढं गेले. मी गाडी चालवत होतो, मागं वैजू आणि तिच्याजवळ पाठराखीण म्हणून आक्काआत्या. आमच्या मागं भावकीचा टेम्पो.

वैजू निघाल्यापासून गप्प होती. मुली असतात गप्प. माझं तिच्याकडं लक्षही नव्हतं फारसं. माझं लक्ष होतं उष्णतेच्या काट्यावर आणि मागच्या डाव्या शॉकअपवर. आदले दोन दिवस मी गाडीखालीच होतो. दावलचं रबर सुटत आलं होतं, ते मी तार आवळून बसवलं होतं, आणि मला वाटत होतं की ती तार सैल होतेय. प्रत्येक खड्ड्याला मी कान देत होतो. तिशीच्या वर वेग नेला नाही.

कालव्याचा रस्ता धरला, कारण तो जवळचा. एका बाजूला भरून वाहणारा कालवा, दुसऱ्या बाजूला खोल चर आणि त्यापलीकडं ऊस. समोरून बैलगाडी आली तरी अंग चोरावं लागेल असा. त्या रस्त्यावर निम्म्यात आल्यावर आत्या म्हणाली, "उत्तम, थांबव बाबा. मला मळमळतंय."

एरवी एसटीत तासन् तास उभी राहणारी बाई. पण या गाडीचं डुलणं तिला सोसेना. मी थांबलो, ती उतरली आणि चराच्या कडेला जाऊन बसली. मागं टेम्पो थांबला. दोघी बायका पाण्याची बाटली घेऊन तिच्याकडं धावल्या. पुरुषही उतरले आणि पाय मोकळे करत रस्त्यावर उभे राहिले.

"दादा, गाडी वळव," मागून वैजू म्हणाली.

"काय राहिलं घरात?"

"काय न्हाई राहिलं. मला जायचं न्हाई."

मी आरशात बघितलं. ती रडत नव्हती. हळदीनं पिवळं झालेलं तोंड, हातात हिरवा चुडा, मांडीवर रुमाल. लॅबमध्ये रिपोर्ट वाचून दाखवावा तशी ती बोलत होती.

"परवा रणजितचा फोन आला लॅबमधी. त्याचं पुण्यात एका मुलीबरोबर चार वर्षं झाली ठरलंय. तिला तो सोडणार न्हाई. घरात सांगायचं त्याला धाडस न्हाई. म्हणाला, तुमीच मोडा. मुलीकडनं मोडलं तर आमच्या घरच्यांस्नी काय बोलता येत न्हाई."

"परवा? आन् तू आत्ता सांगतीस?"

"आप्पांस्नी परवाच सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, लग्नाआदी पोरं असं कायबाय बोलत्यात. संसार सुरू झाला की येत्यात रुळावर. पत्रिका वाटल्यात आता."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"तीनदा आले की काल. तू गाडीखाली हुतास."

आली होती. मला तिची पावलं दिसली होती, हळद लागलेली. मी खालूनच म्हणालो होतो, चौदा नंबरचा पाना दे. तिनं वाकून दिला होता. थोडा वेळ पावलं तिथंच होती, मग गेली. तिसऱ्या वेळी मी म्हणालो होतो, वैजू, उजेडाच्या आड उभी राहू नको.

"दादा, वळव. मी सांगते आप्पांस्नी. तू काय बोलू नको, तू फक्त गाडी वळव."

अशा वेळी माणसाला काहीतरी वाटायला पाहिजे. राग, भीती, निदान छातीत धडधड. मला काही वाटलं नाही. मी हे आता बरं दिसावं म्हणून किंवा वाईट दिसावं म्हणून सांगत नाही, जसं झालं तसं सांगतोय. माझा कान अजून त्या तारेकडंच होता. वैजूचं बोलणं मला गाडीतल्या आवाजासारखं ऐकू आलं. म्हणजे ऐकू आलं, पण हळू चालवली तर गावापर्यंत निभेल, असं वाटलं.

"गाडीला रिव्हर्स न्हाई, वैजू," मी म्हणालो. "इथं वळत न्हाई. तुला ठाऊक हाय."

"मग पुढं जागा बघून वळव."

"बगू. पुढं जागा आली की बगू."

तिनं मान हलवली. तिचा विश्वास बसला. सुपारी फोडायला, याद्या करायला, मांडव बघायला असा मी त्या रस्त्यानं तीनदा आलो होतो. पुढं एवढ्या लांब गाडीला वळायला कुठंही जागा नव्हती. कालवा संपला की पूल, आणि पूल संपला की त्यांच्या गावाची वेस. हे मला चांगलं ठाऊक होतं.

आत्या तोंड पुसत येऊन बसली. "काय बोलत हुता भाऊ-भन?"

"काय न्हाई," मी म्हणालो आणि गाडी काढली.

वैजू खिडकीकडं सरकून बसली आणि डावीकडं बघायला लागली. एका ठिकाणी चरावर दोन नळे टाकून शेतात जायला वाट केलेली होती.

"इथं वळंल का?"

"न्हाई. गाडी लांब हाय."

"वळायचं कशाला?" आत्यानं विचारलं.

थोडं पुढं पाण्याच्या मोटारीची खोली आली, तिच्यासमोर जरा मोकळी जागा.

"इथं?"

"न्हाई."

त्यानंतर तिनं विचारलं नाही. पूल आला. पुलाच्या पलीकडं बँड उभा होता, आणि आमची गाडी दिसल्याबरोबर त्यांनी सुरू केलं. पोरं गाडीच्या दोन्ही बाजूंनी पळायला लागली. कुणीतरी काचेवर थाप मारून म्हणालं, "काय गाडी हाय!" आप्पा वेशीजवळ फेटा बांधून उभे होते. त्यांनी आधी गाडीकडं बघितलं, मग आत वैजूकडं, मग माझ्याकडं. मी मान हलवली. सगळं ठीक आहे, अशी.

लग्न लागलं. रणजितनं एकदाच माझ्याकडं बघितलं आणि नजर खाली घातली. तो वाईट दिसत नव्हता. आजारी दिसत होता. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा असतो, बहिणीला नीट वागव म्हणून. लोकांनी मला पुढं ढकललं. मी त्याचा कान पिळला. कान गरम लागला. सगळे हसले, फोटो निघाला, आणि मला टॉवेल-टोपी आणि एक घड्याळ मिळालं. त्या वेळी मी कशाची काळजी करत होतो म्हणाल, तर त्यांच्या अंगणात गाडी तोंड बाहेर करून लागलीय की नाही याची.

रणजित आठ दिवसांनी पुण्याला गेला. मग गणपतीला दोन दिवस आला, दिवाळीला दोन दिवस आला. अजूनही तसाच येतो. पुण्यात त्याचं घर आहे, त्या बाईपासून एक मुलगी आहे, ती आता बारावीला असेल. घटस्फोटाचा शब्द दोन्ही घरांत कुणी काढला नाही. वैजू सासरीच राहिली. सासऱ्यांचं पथ्यपाणी केलं, सासूला दोन वर्षं अंथरुणात सांभाळलं. तालुक्याच्या गावात लॅबमध्ये नोकरी धरली. आप्पा जाईपर्यंत लोकांना सांगायचे की जावई इंजिनिअर आहे.

गाडी त्याच वर्षी पावसाळ्यात गेली. इंजिनाच्या डोक्यातून पाणी तेलात उतरलं, दावलनं तीन लाख सांगितले आणि स्वतःच म्हणाला, नका करू. भंगारवाल्यानं पंचेचाळीस हजार दिले. ती टोचन करून नेली तेव्हाही मला काही वाटलं नाही. तोपर्यंत मला त्याची सवय झाली होती.

वैजू दर भाऊबीजेला येते. ओवाळते, जेवते, दुपारी परत जाते. त्या दिवसाबद्दल ती कधी एक अक्षर बोलली नाही, आणि मीही विषय निघू दिला नाही. माझ्या बायकोलाही यातलं काही ठाऊक नाही.

चार वर्षांपूर्वी भाऊबीजेला ती स्वतः गाडी चालवत आली. जुनीच, लहान गाडी, हप्त्यावर घेतलेली. चाळिशीच्या जवळ आल्यावर ती क्लास लावून शिकली होती. मला बरं वाटलं. जेवून निघाली तर गाडी सुरू होईना, बॅटरी उतरलेली. गाडी आमच्या बोळात, तोंड भिंतीकडं.

"थांब, कुणाला तरी बोलावतो," मी म्हणालो.

"कशाला? न्यूट्रलला टाकली की. तू पुढनं हात लाव, मागं ढकल. रस्त्यावर नेऊ."

ती आत बसली. मी बॉनेटवर दोन्ही हात टेकवले आणि जोर केला. गाडी लगेच हलली. एकट्या माणसाच्या जोरावर ती बोळातून मागं मागं जायला लागली. वैजू मान वळवून मागं बघत स्टिअरिंग सांभाळत होती. बोळाच्या तोंडाशी तिनं ब्रेक दाबला आणि मान पुढं केली. आमच्या दोघांमध्ये फक्त काच होती. मग तिनं बाजूची काच खाली केली.

"दादा, त्या दिवशी टेम्पोत माणसं किती हुती रं?"

ऊन होतं. माझे हात अजून बॉनेटवर होते.

"अडतीस," मी म्हणालो.

"त्यातली गडीमाणसं?"

"चोवीस."

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो की त्या दिवशी मला हे सुचलं नाही. सुचलं होतं. आत्या चराकडं बसली होती, वैजू मागून बोलत होती, आणि मला आरशात टेम्पोतून उतरलेले लोक दिसत होते. कुणी तंबाखू मळत होतं, कुणी कालव्यात खडे टाकत होतं. आमच्या मागं शंभर पावलांवर एक रुंद पाणंद शेताकडं फुटलेली, ती आम्ही नुकतीच ओलांडली होती. टेम्पो मागं घ्यायचा, गाडी न्यूट्रलला टाकायची, दहा जणांनी बॉनेटला हात लावून ती मागं पाणंदीत ढकलायची, की तोंड घराकडं. पाच मिनिटांचं काम. एवढं सगळं मला स्वच्छ दिसलं होतं.

"मग का न्हाई हाक मारलीस त्यांस्नी?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. "आप्पांस्नी भ्यालास?"

हो म्हणता आलं असतं. आप्पा जाऊन सहा वर्षं झाली होती, त्यांच्या माथी मारणं सोपं होतं. पण गाडी ढकलून मला दम लागला होता आणि नवीन काही रचायची ताकद नव्हती.

"न्हाई," मी म्हणालो. "त्यांस्नी कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

"गाडीला रिव्हर्स न्हाई म्हणून."

वैजू माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं ती आता रडेल, किंवा मला काहीतरी लागेल असं बोलेल, आणि ती बोलली असती तर फार बरं झालं असतं. मी वाट बघत होतो. मागून एक मोटारसायकल आली, तिनं हॉर्न दिला, वैजूनं हात बाहेर काढून तिला बाजूनं जायची खूण केली.

"रिव्हर्स न्हाई म्हणून," ती म्हणाली. मग तिनं ब्रेक सोडला.

"अजून थोडी ढकल. मग मागनं हात लाव. पुढं उतार हाय, सुरू हुईल."